एक टिंब जास्त

६ मार्च

लेकीनं ही वही माझ्या निवृत्तीच्या दिवशी दिली होती. "बाबा, रोज काहीतरी लिहीत जा, डोकं चालू राहतं," असं म्हणाली होती. ते बंद कधी पडलं होतं, हे काही तिनं सांगितलं नाही. वही तेव्हापासून कपाटातच होती. आज काढली, कारण आज घरात अशी बातमी आली आहे की ती कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ही, म्हणजे माझी बायको, या महिनाअखेरीस कॉलेजातून निवृत्त होते. सबंध आयुष्य हिनं तत्त्वज्ञान शिकवलं. आज प्राचार्य स्वतः हिच्या खोलीत आले आणि म्हणाले, बाई, निरोपाचं व्याख्यान तुम्ही द्यायचं, मोठ्या सभागृहात, विषय तुमच्या मनाचा. असा मान तिथे सरसकट मिळत नाही. बहुतेकांची चहा आणि भिंतीवरच्या घड्याळावर बोळवण होते. हिनं विषय दिलासुद्धा : 'निश्चिंत ज्ञान शक्य आहे का?' हिचं उत्तर आहे, शक्य आहे. ते सिद्ध करण्यात हिची तीसेक वर्षं गेली आहेत आणि त्यावरचं पुस्तकही आता जवळजवळ हातावेगळं झालं आहे.

मला इतका आनंद झाला की मी लागोपाठ दोनदा चहा केला.

८ मार्च

व्याख्यानाचा मजकूर टाइप करायला घेतला. हिचं पुस्तकही मीच टाइप करतो. ही पेन्सिलीनं लिहिते, मी संगणकावर उतरवतो, छापतो, मग मूळ कागद शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहतो. ताडून झालं की मूळ कागद फाडून टाकतो. एकाच गोष्टीच्या दोन प्रती राहिल्या की भांडणं होतात, हे मी नोकरीत शिकलो.

मी वजन-मापांच्या खात्यात निरीक्षक होतो. दुकानदाराचं वजन माझ्या पेटीतल्या प्रमाण वजनाशी ताडायचं, बरोबर भरलं तर शिक्का, नाहीतर जप्त. माझ्या अहवालात कधी कुणाला चूक काढता आली नाही, एवढं निश्चिंत. हिच्या कामात सुरुवातीला ही एकदा कुठल्याशा शब्दाबद्दल काहीतरी बोलायला लागली होती. मी म्हटलं, "अगं, माझं लिखाण वरिष्ठांनी डोळे मिटून पुढे पाठवलंय." तेव्हापासून हिनं विषय काढला नाही.

आमचा प्रिंटर मात्र बिघडला आहे. नको तिथे ठिपके टाकतो. ही छापलेली पानं आणि व्हाइटनरची बाटली घेऊन बसते आणि एकेक ठिपका पुसत जाते. मला काही ते ठिपके दिसत नाहीत, पण आमच्या दिवाणखान्यातला दिवाच मंद झाला आहे. "प्रिंटरचे ठिपके का गं?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "असं मानायला जागा आहे."

हे हिचं पालुपद. भाजीत मीठ कमी असलं तरी, "कमी आहे, असं मानायला जागा आहे." पुराव्याशिवाय ही बाई एक वाक्य बोलत नाही. कंटाळवाणा पाहुणा उठला तर त्याला 'पुन्हा या' म्हणायचं काम माझ्याकडे असतं, कारण हिच्या तोंडून खोटं निघत नाही.

११ मार्च

चहाच्या वेळी म्हटलं, "तुझा सगळा युक्तिवाद मला एकदा सोप्या भाषेत सांग. टाइप करताना समजून घ्यायला सवड नसते."

"समजा एक माणूस आला," ही म्हणाली, "आणि म्हणाला, कुणालाही काहीही निश्चिंत कळू शकत नाही."

"येतात असे लोक."

"त्याला विचारायचं, हे तरी तुला निश्चिंत कळलंय का? हो म्हणाला, तर एक गोष्ट तरी कळू शकते, म्हणजे त्याचं म्हणणं पडलं. नाही म्हणाला, तर मग तो आपल्याला सांगतोय काय?"

मी मांडीवर थापच मारली. बिचारा दोन्हीकडून सापडला! इतकी वर्षं या बाईशी संसार केला, पण हिचं डोकं असं चालताना समोर दिसलं की अजून छाती फुगते.

मग मीही आमच्या खात्याचा घोळ सांगितला. दुकानातलं वजन माझ्या वजनाशी ताडायचं, माझं मुख्य कचेरीतल्या वजनाशी, ते त्याच्याही वरच्याशी. पण सगळ्यात वरचं वजन कशाशी ताडायचं?

ही हसली. "ते दुसऱ्या प्रकरणात आहे. तुम्हीच टाइप केलंत. लग्न झालं त्या वर्षी तुम्ही मला हे विचारलं होतंत, आणि त्यातून माझी अजून सुटका झालेली नाही."

मी आत जाऊन कपबशा विसळल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हिला दाखवायचं नव्हतं.

१४ मार्च

आज शंकेखोर आली होती. ती हिची जुनी विद्यार्थिनी, आता दुसऱ्या कॉलेजात स्वतः शिकवते. 'शंकेखोर' हे नाव हिनंच लाडानं ठेवलेलं. "बाई, एक विचारू?" असं म्हणून ती सुरुवात करते आणि ते एक काही संपत नाही. हिनं व्याख्यानाचा मजकूर तिला आधी वाचायला दिला होता.

तिनं चहा घेतला, बिस्किट घेतलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, "बाई, एक विचारू? तुमचा तो माणूस 'काहीच कळत नाही' असं म्हणतो, म्हणून तुमच्या तावडीत सापडतो. पण समजा, तो काही म्हणतच नाही. नुसता विचारतो. तुम्ही काहीही सांगा, तो म्हणणार, कशावरून?"

"विचारायला तरी त्याला 'कशावरून'चा अर्थ कळायला हवा," ही म्हणाली. "म्हणजे तेवढं तरी त्याला कळलंच."

"कळतंय हो. पण निश्चिंत कळतंय, असं तो कुठे म्हणतोय? माझा धाकटा दिवसभर 'का' विचारत असतो. 'का'चा अर्थ सांग म्हटलं तर त्याला सांगता येणार नाही. तरी विचारतो, आणि मी अडकतेच."

 हातातलं बिस्किट चहात बुडवलेलं होतं, ते विरघळून कपाच्या तळाशी गेलं तरी हिचा हात तसाच. मी वाट पाहत होतो की आता ही त्या पोरीला अस्मान दाखवणार.

"तू बरोबर आहेस," ही शेवटी म्हणाली, "असं मानायला जागा आहे."

शंकेखोरचा चेहराच उतरला. ती हरायच्या तयारीनं आली होती. "बाई, माझंच काहीतरी चुकत असेल," असं ती दारात दोनदा म्हणाली. मला तिचा इतका राग आला होता की मी तिला 'पुन्हा या' म्हटलंच नाही.

१५ मार्च

हिचं कशात लक्ष नाही. रागावलेली नाही. खिडकीशी बसते, उठते, पुस्तकाचं एखादं प्रकरण काढते, परत ठेवते. सगळ्या प्रकरणांचा डोलारा त्या एका युक्तिवादावर उभा आहे, हे मला टाइप करूनही माहीत नव्हतं. आज कळलं.

१७ मार्च

राहवलं नाही, बोललो. "अगं, सभागृहात तीनशे माणसं असतील. त्यांतल्या किती जणांना ही फट दिसणार आहे? पोरगी काही उठून बोलायची नाही, तुझ्यावर तिची भक्ती आहे. जसं आहे तसं वाच. पुस्तकाचं नंतर बघू."

मला हिच्या शहाणपणाची काळजी नव्हती. काळजी होती ती हिचं तिथे हसं होईल याची. आयुष्यभराचं काम, आणि निरोपाच्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणायचं की जमलं नाही?

हिनं हातातलं प्रकरण खाली ठेवलं. मग म्हणाली, "साहेब, आपल्या पेटीतलंच वजन चुकीचं आहे, असं तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही शिक्के मारत राहिला असतात?"

"माझ्या पेटीतलं वजन चुकीचं कसं असेल?"

"समजा."

"समजा कशाला? ते चुकीचं नव्हतंच."

ही हसायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली, म्हणून मीही हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला कळलं नाही.

१९ मार्च

हिनं शंकेखोरला फोन करून बोलावून घेतलं. ती घाबरतच आली, "बाई, मी उगाच बोलले," म्हणत.

"उगाच?" ही म्हणाली. "अगं, इतक्या वर्षांत माझं लिखाण इतकं लक्ष देऊन कुणी वाचलं नव्हतं. बस. आता आपण ती फट बुजते का बघू."

दिवसभर दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. ही एकेक युक्ती काढायची, ती पोरगी "कशावरून?" म्हणायची, आणि युक्ती पडली की ही टाळी द्यायची! स्वतःचं घर पाडायला मदत करणाऱ्याला कुणी टाळी देतं का? मी त्यांना भात-भाजी वाढली आणि बघत बसलो. संध्याकाळी ही थकून खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "नाही बुजत." आवाजात रडगाणं नव्हतं. माझ्या खात्यात मी मोठमोठे अधिकारी पाहिले. एक चूक कबूल करायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसायची. मला हिचा इतका अभिमान वाटला की जाताना शंकेखोरला मी 'पुन्हा या' म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

२४ मार्च

ही नवीन व्याख्यान लिहिते आहे. मिळेल तसं मी टाइप करतो. प्रिंटरवाल्याला बोलावलं होतं. त्यानं खालून-वरून बघितलं, चार पानं छापली आणि म्हणाला, "काका, मशीन एकदम ओके आहे. ठिपके कुठे आहेत?" आजकाल कुणाला कामाची कळकळ राहिलेली नाही.

लेक आली होती. मी तिच्या कपात चहा ओतत होतो, तो बशीत गेला. तर लगेच, "बाबा, डोळे दाखवून घ्या." मी म्हटलं, दिवा बदला आधी. डोळ्यांचं काय, माझी नजर निश्चिंत चांगली आहे. ती आईकडे बघायला लागली, आई छताकडे.

२८ मार्च

आज सगळं लिहायचं आहे. 

सकाळी हिनं शेवटचं पान लिहून माझ्या हातात दिलं. वेळ कमी होता. मी टाइप केलं, ताडलं, मूळ कागद फाडला आणि पानं क्रमानं लावून हिच्या पिशवीत ठेवली. व्हाइटनर घेऊन बसायला हिला आज फुरसतच मिळाली नाही.

सभागृह भरलं होतं. लोक पायऱ्यांवर बसले होते. मी आणि लेक दुसऱ्या रांगेत. ही उभी राहिली, चष्मा लावला आणि पहिल्याच वाक्याला म्हणाली, "पत्रिकेवर छापलंय की मी आज एक गोष्ट सिद्ध करणार आहे. ती मला सिद्ध करता आलेली नाही."  लेकीनं माझा हात धरून ठेवला.

मग हिनं आपला युक्तिवाद मांडला, असा सुरेख की लोक माना डोलवायला लागले. आणि मग त्याच आवाजात तो मोडून दाखवला. शंकेखोरचं खरं नाव घेऊन सांगितलं की ही फट तिनं शोधली. मागे कुठेतरी बसलेली ती पोरगी रडत होती, असं नंतर कळलं. कुणी हसलं नाही. 

ही शेवटच्या पानावर आली. वाचलं, "म्हणून आज निरोप घेताना, निश्चिंत असण्याचा हक्क मला राहिलेला नाही."

आणि थांबली. कागद डोळ्यांजवळ नेला. पुन्हा तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "हे खरं नाही. मी तर अगदी निश्चिंत आहे."

लोक हसले. हीसुद्धा हसली. "माझ्या कागदावर एक टिंब जास्त आलंय," ही म्हणाली आणि वळून फळ्यावर दोन शब्द लिहिले. सभागृहाचे दिवे यथातथाच होते, मला दोन्ही सारखेच दिसले. लेकीनं कानात सांगितलं : वर 'निश्चित', खाली 'निश्चिंत'.

पुढचं हिनं कागदाशिवाय सांगितलं. आठवतं तसं उतरवतो.

"तीस वर्षं मी हा बिनटिंबाचा शब्द शोधला. तो हाती लागला नाही, हे तुम्ही ऐकलंत. आणि आत्ता या वाक्यापाशी माझ्या लक्षात येतंय की टिंबाचा शब्द सगळा वेळ माझ्याजवळ होता. आमच्या घरातला माणूस बाजारात गेला की मी खिडकीत उभी राहत नाही. तो परत येणार हे मला निश्चित माहीत आहे का? नाही. कशावरून, असं कुणी विचारलं तर मी गप्प बसेन. पण मी निश्चिंत असते. वाचत बसते."

सगळे बघायला लागले की हा घरातला माणूस कोण. मी बूट बघत बसलो.

"पण सांभाळा," ही म्हणाली, आणि आवाज वर्गातला झाला. "टिंब दिलं म्हणजे पुरावा दिला, असं होत नाही. काळजी नसणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. माझा युक्तिवाद मला इतकी वर्षं भक्कम वाटला, कारण मला त्याची काळजी वाटत नव्हती. मी टिंबाचा शब्द बिनटिंबाच्या भावानं खपवत होते. निश्चित ज्ञान शक्य आहे का? मला माहीत नाही. आपल्याजवळ या दोहोंतलं काय आहे, हे ओळखायला शिकणं मात्र शक्य आहे, असं मानायला जागा आहे. मी तुम्हाला जे शिकवलं ते एवढंच."

माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. प्राचार्य नाक पुसत होते. ही व्यासपीठावरून माझ्याकडे बघत होती, निदान तोंड तरी माझ्या दिशेला होतं. मी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. अशी बाई माझ्या वाट्याला आली! माझी योग्यता ती काय?

२९ मार्च

पहाटेच जाग आली आणि उठून बसलो. टाइप मी केलं होतं. ते टिंब आलं कुठून?

ही उठेपर्यंत स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. हिला म्हटलं, "अगं, ते टिंब माझ्या हातून पडलं का? प्रिंटरनं टाकलं का? तीनशे माणसांसमोर तू वाचत होतीस आणि..."

हिनं चहाचं आधण ठेवलं. "टिंब माझंच होतं," म्हणाली. "मीच लिहिताना दिलं. तुम्ही जसं होतं तसं टाइप केलंत."

माझ्या जिवावरचा धोंडा उतरला. मूळ कागद फाडला नसता तर लगेच ताडून पाहिलं असतं. पण त्याची गरजच काय? ही खोटं बोलत नाही. आणि आज तर 'मानायला जागा आहे'सुद्धा म्हणाली नाही. इतकं सरळ, ठाम वाक्य मी हिच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

३ एप्रिल

लेकीनं शेवटी धरून नेलंच. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी वाचली. बाई म्हणाल्या, "काका, हे पाठ असलेलं म्हणताय. मी तक्ता बदललाय." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकला आहे. म्हणजे दिवाणखान्यातला दिवा निर्दोष होता.

१६ एप्रिल

उद्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वच्छ दिसायला लागणार हे निश्चिंत. हिनं विचारलं, "कशावरून?" बाई गोंधळल्या. मी त्यांना खूण केली की मनावर घेऊ नका.

१९ एप्रिल

पट्टी काढली. देवा! पडदा निळा आहे. मी त्याला राखाडी समजत होतो. कपांना तडे आहेत, कोपऱ्यांत जाळी आहेत, आणि माझे हात माझ्या वडिलांचे झाले आहेत.

ही समोर येऊन बसली. मी नुसता बघत राहिलो. केस पांढरेशुभ्र, डोळ्यांभोवती बारीक बारीक रेघा.

"अगं, तू म्हातारी केव्हा झालीस?"

"हळूहळू," ही म्हणाली. "तुमच्यासमोरच."

फार सुंदर दिसते. मी तसं तिला सांगितलं. कशावरून, असं तिनं विचारलं नाही.

२७ एप्रिल

आता वाचायची परवानगी आहे. वाचायचं काय, तर ही वहीच आधी हाताला लागली. माझंच लिखाण, नव्या डोळ्यानं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, त्या डोळ्यांमुळे, ते समजलं. पण पहिल्याच पानावर हिच्या व्याख्यानाचा विषय मी लिहिला आहे, आणि तो टिंब देऊन लिहिला आहे.

आधी वाटलं, शाईचा डाग. पुढचं पान उलटलं. तिथेही. 'एवढं निश्चिंत.' हिच्या तोंडचं वाक्य, शंकेखोरच्या तोंडचं वाक्य, माझ्या नजरेची फुशारकी, व्याख्यानाच्या दिवसाचं पान सोडलं तर सगळीकडे टिंब, चांगलं जोर देऊन काढलेलं. कहर म्हणजे सोळा तारखेच्या पानावरसुद्धा, म्हणजे दोन शब्दांमधला फरक भर सभेत ऐकून आल्यानंतरसुद्धा, मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडी टिंब दिलं आहे.

म्हणजे डोळ्यांचा दोष नव्हे. मला तो शब्द मुळातच तसा येतो. शाळेपासून. नोकरीतल्या अहवालांत किती दुकानदारांची वजनं मी 'निश्चिंत' करून सोडली असतील, कुणास ठाऊक. आणि ताडताना ते दिसणार कसं? मी हिचा कागद बघत होतो, पण शब्द ताडत होतो तो माझ्या डोक्यातल्या शब्दाशी. पेटीतलं वजनच एका टिंबानं जड होतं आणि मी त्याच्या जोरावर शिक्के मारत सुटलो होतो.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. प्रिंटरवाल्याची मी उगाच निंदा केली. ती व्हाइटनरची बाटली. सतरा तारखेला ही का हसली ते. आणि एकोणतीस तारखेचं ते वाक्य. टिंब माझंच होतं, मीच दिलं. ना पुरावा, ना 'मानायला जागा'. हिनं, जिच्या तोंडून पाहुण्याला 'पुन्हा या' निघत नाही तिनं, भर सभेत आपल्या तीस वर्षांच्या कामातली चूक सांगायला मागेपुढे पाहिलं नाही, आणि दुसऱ्या सकाळी माझी एका टिंबाची चूक झाकायला गॅससमोर उभं राहून धडधडीत खोटं सांगितलं.

मी वही मिटली. शंकेखोर समोर असती आणि तिनं 'कशावरून?' म्हटलं असतं, तर मी तिला ही वही दाखवली असती.

८ मे

हिनं पुस्तक नव्यानं लिहायला घेतलं आहे. पहिल्या प्रकरणाचं नाव 'टिंब'. गेले चार दिवस मी टाइप करत होतो. तो शब्द जिथे जिथे आला तिथे थांबलो, हिच्या कागदाकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे अजिबात बघितलं नाही. काल सगळं छापून टेबलावर ठेवलं. मूळ कागद फाडले नाहीत, तेही शेजारी ठेवले.

आज सकाळी ही चष्मा लावून, व्हाइटनरची बाटली उघडून बसली. मी समोर वर्तमानपत्र धरलं होतं. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. झाकणाला लावलेला तो छोटा ब्रश हिच्या हातात तसाच वर धरलेला. शेवटच्या पानापर्यंत गेली, मग पुन्हा पहिल्यापासून सावकाश बघत आली. मूळ कागद शेजारी दिसले तेव्हा तिथे जरा थांबली. ब्रशवरचं व्हाइटनर वाळून गेलं होतं.

हिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"प्रिंटर सुधारला वाटतं," ही म्हणाली.

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"असं मानायला जागा आहे," मी म्हटलं.